गोळी कापायची डबी आणि मिलिग्रॅमचा काटा : पावणेतीन वर्षं वापरल्यावर

डबी १२० रुपयांची, काटा १४०० रुपयांचा. डबी आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलमधून घेतली, काटा ऑनलाइन मागवला. दोन्हींवर कंपनीचं नाव म्हणावं असं काही छापलेलं नाही, त्यामुळे अमुकच घ्या असं मी सांगू शकत नाही. या जातीची वस्तू घेताना काय बघायचं आणि तिच्याकडून काय होतं, काय होत नाही, तेवढं सांगतो. जून २०२२ पासून २०२५ च्या महाशिवरात्रीपर्यंत रोज रात्री ही दोन्ही माझ्या समोर होती.

काम एकच होतं. क्लोनाझेपाम ही घाबरण्यावरची आणि झोपेची गोळी मी अकरा वर्षं घेत होतो, रोज रात्री १ मिलिग्रॅम. ती हळूहळू कमी करत शून्यावर आणायची होती. आज ती बंद आहे. माझं वय ६१, धंद्याने सोनार, जळगावच्या सराफ बाजारात बसतो. हात हेच भांडवल.

वस्तूंबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट, कारण ती सगळ्यात मोठी आहे. ही गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका, आणि एकदम तर मुळीच बंद करू नका. मी केली होती.

झालं असं. २०११ साली एका गिऱ्हाइकाची पाटली दुरुस्तीला आली आणि हरवली. दोन दिवस सगळ्या पेढीची नजर माझ्या पाटावर होती. तिसऱ्या दिवशी ती तिजोरीच्या मागच्या फटीत सापडली, मालकांनी हात जोडले, विषय मिटला. पण माझी झोप गेली ती गेली. रात्री छाती धडधडायची, उठून दाराची कडी तीन-तीनदा बघायचो. तेव्हाच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांनी परत या, असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं की नाही, मला आठवत नाही. मी गेलो नाही एवढं खरं. गोळीने झोप लागत होती, मेडिकलवाला पाकीट देत होता. अर्ध्याची एक झाली. ही गोळी दुकानदाराने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. मी ज्या दुकानातून घ्यायचो तिथे मात्र जुनीच चिठ्ठी वर्षानुवर्षं चालली. दुकानाचं नाव लिहीत नाही. हात माझेच पुढे होते.

२०२१ च्या दिवाळीनंतर पुण्याचा पुतण्या आला होता. पाकिटावरचं लाल अक्षरातलं चिन्ह बघून म्हणाला, “काका, ही तर नशेची गोळी. तुम्हाला सवय लागलीय.” मला ते इतकं लागलं की सगळी पाकिटं त्याच संध्याकाळी गटारीत टाकली. पहिली रात्र बरी गेली. दुसरीही गेली. मी घरात सांगितलं, बघा, माणसाने ठरवलं की होतं. नंतर कळलं की त्या दोन रात्री माझ्या निश्चयाच्या नव्हत्या. ही गोळी रक्तात निम्मी व्हायलाच साधारण ३० ते ४० तास घेते. ती उतरत होती, मला अजून पत्ता नव्हता.

चौथ्या रात्री डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी दुकानात फुकणी तोंडाला लावली तर ज्योत एका जागी राहीना. घरी आलो, आईने पाण्याचा पेला हातात दिला आणि तो धोतरावर सांडला. आई म्हणाली, “तुना हात काबर थरथरी राह्यना रे?” त्याच संध्याकाळी अंगणात पडलो. दातखीळ बसली, हातपाय झटकले, किती वेळ ते मला माहीत नाही. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा बायको पायाशी उभी होती आणि तिने मला फक्त एवढं विचारलं, “अहो, मी कोण?”

आकडी आली होती. एवढ्या वर्षांची गोळी एकदम तोडली तर असं होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. दवाखान्यात ती परत सुरू केली आणि मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत जे सांगितलं ते मी कितीतरी जणांना सांगितलं असेल. डोक्यात शांत करणारं एक नैसर्गिक रसायन असतं, गाबा नावाचं. गोळी त्या रसायनाचा जोर वाढवते. वर्षानुवर्षं बाहेरून जोर मिळाला की मेंदू आपली स्वतःची दाद कमी करतो. आता गोळी काढली तर आतला ब्रेक ढिला आणि बाहेरचाही नाही. ढिला पडलेला ब्रेक परत घट्ट होतो, पण त्याला महिने लागतात. “तेवढा वेळ आपण त्याला द्यायचा,” ते म्हणाले. आणि दुसरं म्हणाले, “नाना, तुम्ही व्यसनी नाही. तुम्ही कधी जास्त गोळी चोरून खाल्ली नाही, तिच्यासाठी खोटं बोलला नाही. शरीराला सवय लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं.” मी त्या खुर्चीत रडलो. पुतण्याचा शब्द माझ्या गळ्यात अडकला होता, तो तिथे सुटला.

सहा महिने त्यांनी गोळी तशीच ठेवली. अंग स्थिर होऊ दे, म्हणाले. जून २०२२ मध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, सुरुवात केली. ठरलं होतं महिन्याला ०.०५ मिलिग्रॅम कमी, म्हणजे मूळ डोसाच्या वीस भागांतला एक. आता हे कसं करायचं? बाजारात अर्धा मिलिग्रॅमची गोळी मिळते, पाव मिलिग्रॅमची मिळते. अर्ध्याचा दहावा भाग कुठून आणायचा? इथून डबी आणि काटा यांचा विषय सुरू होतो.

डबी आधी. प्लॅस्टिकची, झाकणात पातं बसवलेलं, आत इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. गोळी खाचेत ठेवायची, झाकण दाबायचं, कट्ट आवाज होतो, दोन तुकडे. हातातल्या ब्लेडपेक्षा नक्कीच बरी, बोट कापत नाही आणि तुकडा उडून पलंगाखाली जात नाही. ज्याला फक्त अर्धी गोळी घ्यायची आहे आणि गोळीच्या मध्ये कंपनीने रेघ दिलेली आहे, त्याला ही पुरेशी आहे.

पण माझ्या कामाला ती कमी पडली, आणि का कमी पडली हे आकड्यात सांगतो. माझी अर्धा मिलिग्रॅमची गोळी अख्खी १२२ मिलिग्रॅम भरते. डबीत कापली, दोन्ही अर्धी वजन केली. एक ५५, दुसरी ६३, आणि खाचेत ४ मिलिग्रॅम पावडर. डोळ्याला दोन्ही सारखी दिसत होती. पण औषधाच्या हिशेबात दोन तुकड्यांतला फरक ०.०३ मिलिग्रॅमच्या वर जातो. मी महिनाभरात जेवढं उतरणार होतो त्याच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे आज जास्त, उद्या कमी, आणि मेंदूला रोज वेगळा हिशेब. चार तुकडे करायला गेलात तर विचारूच नका, तिथे नुसता भुगा होतो. दोन-अडीच महिन्यांत पात्याची धारही गेली. त्यानंतर ती गोळी कापत नव्हती, चिरडत होती. धार लावायला पातं निघत नाही, मी प्रयत्न केला.

डबीबद्दल आणखी दोन गोष्टी. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या हिच्यात घालू नका, त्या खडूसारख्या ठिसूळ असतात. आणि ज्या गोळ्यांचं औषध दिवसभर हळूहळू सुटावं म्हणून बनवलेलं असतं, पाकिटावर एसआर किंवा ईआर लिहिलेलं असतं, त्या कापायच्याच नसतात, कुठल्याच यंत्राने. कापली की दिवसभराचं औषध एकदम अंगात येतं. आपली गोळी कुठल्या जातीची ते मेडिकलमध्ये विचारून घ्या.

आता काटा. हा माझ्या ओळखीचा प्राणी, म्हणून याच्यावर जरा जास्त लिहितो.

पेढीवर आमचा काटा दोन दशांशांचा, म्हणजे दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. सोन्याला तो पुरतो, गोळीला पुरत नाही. तीन दशांशांचा पाहिजे. मी घेतला तो तळहाताएवढा, वर पारदर्शक झाकण, सोबत २० ग्रॅमचं वजन आणि प्लॅस्टिकचा चिमटा. चिमटा फेकून द्या, त्यावर वीज साचते आणि कण चिकटून बसतो. मी माझा पितळी चिमटा वापरला.

पहिल्या रात्री एकच गोळी पाच वेळा ठेवली. १२१, १२२, १२२, १२३, १२०. याचा अर्थ शेवटचा आकडा देवाघरचा समजायचा नाही, दोन मिलिग्रॅम इकडेतिकडे धरायचे. डॉक्टरांना हे दाखवलं तर ते म्हणाले, चालेल, ही गोळी अंगात हळू उतरते, त्यामुळे एका दिवसाचा एवढासा फरक पुढच्या दिवसात मिसळून जातो. पण हे माझ्या गोळीपुरतं. माझ्या चुलतवहिनीला अल्प्राझोलाम आहे. ती अकरा तासांच्या आसपासच निम्मी होते, म्हणून तिच्या डॉक्टरांनी दिवसाचा डोस भाग पाडून ठेवलाय आणि तिची उतरणही वेगळी आखलीय. माझा तक्ता तिला चालत नाही, तुम्हालाही चालणार नाही.

१२२ हा आकडा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी काट्याकडे बघत बसलो. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे वडिलांनी पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. तोळा ११.६६ ग्रॅम धरला तर गुंज भरते १२१ मिलिग्रॅमच्या वर थोडी. म्हणजे माझी गोळी बरोबर एक गुंज. अकरा वर्षं मला धरून ठेवलं ते असल्या गुंजभर गोळ्यांनी, आणि एका गुंजेतही औषध किती, तर अर्धा मिलिग्रॅम. बाकी सगळी भर. त्या रात्रीपासून गोळीची भीती थोडी गेली. माझ्या धंद्यातलं वजन होतं ते.

पद्धत अशी बसली. रात्री नऊ वाजता पंखा बंद, खिडकी बंद. काटा फरशीवर नाही, लाकडी पाटावर, सपाट. सुरू करून पाच मिनिटं तसाच ठेवायचा. आठवड्यातून एकदा २० ग्रॅमच्या वजनाने जुळवून घ्यायचा. मग एक गोळी अख्खी बाजूला, आणि दुसरी सगळ्यात बारीक कानशीवर हळूच घासायची, काटा ११० दाखवेपर्यंत. १२ मिलिग्रॅम गेले म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम औषध गेलं. कानस नवी घ्या, धातूला लागलेली नको. कापण्यापेक्षा घासणं बरं, कारण कापताना हुकलं तर हुकलं, घासताना थांबता येतं.

औषध गोळीत सगळीकडे सारखं मिसळलेलं असतं हे गृहीत धरूनच हा हिशेब आहे, आणि म्हणून आधी औषधवाल्याशी बोला. मी बोललो त्या मेडिकलवाल्या भाऊंनी मला तीन गोष्टी दिल्या, ज्या काट्यासोबतच्या कागदात लिहिलेल्या नव्हत्या. एक, कंपनी बदलू नका. दुसऱ्या कंपनीची तीच अर्धा मिलिग्रॅमची गोळी त्यांनी मला काट्यावर ठेवून दाखवली, १४१ भरली. जुन्या हिशेबाने ११० वर आणली असती तर डोस किती पडला असता बघा. त्यांनी पावणेतीन वर्षं माझ्यासाठी त्याच कंपनीचा माल धरून ठेवला, दर वेळी ताजी चिठ्ठी बघितली, वहीत नोंद केली, आणि दोनदा चिठ्ठीची मुदत गेली होती तेव्हा परत पाठवलं. पहिल्यांदा मला राग आला होता. आता वाटतं, असा माणूस आधीच भेटायला पाहिजे होता.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती सगळ्यात कामाची ठरली. त्याच कंपनीची पाव मिलिग्रॅमची गोळी काट्यावर ठेवली तर ११८. औषध निम्मं, वजन जवळपास तेवढंच. म्हणजे तेच १२ मिलिग्रॅम घासले तर आता ०.०२५ मिलिग्रॅम औषध कमी होतं. काटा तोच, पण गोळी बदलल्यावर तो दुप्पट बारीक झाला. खाली उतरताना मी पाव मिलिग्रॅमच्या गोळ्यांवर आलो, डॉक्टरांना सांगून. वजन म्हणजे औषध नव्हे, हे सोनाराला कळायला हवं होतं. सोन्यातही वजन वेगळं आणि कस वेगळा.

तिसरी गोष्ट, पाण्यात विरघळवून मापाने प्यायचा प्रकार क्लोनाझेपामला करू नका. ते पाण्यात विरघळतच नाही, तळाशी बसतं. वरचं पाणी प्यालात तर काहीच नाही, शेवटचा घोट प्यालात तर सगळं.

काट्याची एक खोड मला दीड वर्षाने कळली. रिकाम्या ताटलीवर पाच मिलिग्रॅमचा कण ठेवला तर तो शून्यच दाखवत राहतो, त्याला वाटतं वारा लागला. आधी एक रुपयाचं नाणं ठेवायचं, शून्य करायचं, मग कण ठेवायचा, म्हणजे पकडतो. शेवटच्या महिन्यांत या युक्तीशिवाय माझं काही चाललं नसतं. कधीकधी तरीही चुकलं तर बायको चष्मा लावून परत ठेवायची. तिच्या हाताने तो जास्त नीट बोलायचा.

घासलेली पावडर. ही माझी चूक आहे, म्हणून सांगतो. आम्ही कानशीखालचं सोनं कधी टाकत नाही. पाटाखाली कातडं असतं, वर्षभराची धूळ झारेकरी घेऊन जातो आणि त्यातून सोनं काढतो. त्या सवयीने मी गोळीची पावडर एका कागदाच्या पुडीत साठवत गेलो, तिजोरीत. बायकोला ती दिवाळीच्या साफसफाईत सापडली. ती काही बोलली नाही, पुडी घेऊन सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टर म्हणाले, कठीण रात्री ही पुडी तुम्हाला हाक मारेल. त्यांच्यासमोर ती वापरलेल्या चहाच्या चोथ्यात कालवून पिशवी बांधून कचऱ्यात गेली. तेव्हापासून रोजची पावडर रोज चोथ्यात. घरात लहान मुलं असतील तर हे दुप्पट जपा.

आता जे काट्याने मोजता येत नाही ते.

प्रत्येक उतरणीनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी लाट यायची. तोंडात पितळेची चव. पोटरीत मुंग्या, पापणी फडफडणं, कानात बारीक शिटी. आवाज सहन व्हायचे नाहीत. २०२२ च्या कार्तिकी एकादशीला जळगावच्या रथाला मी गेलो नाही. जन्मभरात पहिल्यांदा. रथ गावातून फिरत होता आणि मी मागच्या खोलीत कानात कापूस घालून बसलो होतो, रडत. रडू हा वेगळाच प्रकार होता, कारण लागायचं नाही. लाट दहा-बारा दिवसांनी ओसरायची, मग आठ-दहा दिवस बरे, मग पुढची कानस. पुढचं पाऊल टाकायचं की थांबायचं हे दर महिन्याला डॉक्टर माझी वही बघून ठरवायचे. वहीत मी वजन, झोपेचे तास आणि हाताची एक सरळ रेघ काढायचो. ती रेघ किती वाकडी आहे त्यावरून त्यांना कळायचं.

मालकांना सांगावं लागलं. सांगताना जीभ जड झाली होती, कारण पाटलीची गोष्ट त्यांनाही आठवत होती. त्यांनी झाळण्याचं, म्हणजे ज्योतीवर सांधे जोडण्याचं, काम काढून मला वजनावर आणि दागिने उजळण्यावर बसवलं, पगार तोच ठेवला. मी त्यांचं नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही.

दिवाळी २०२२ ला ०.८० वर होतो, होळीच्या पुढे ०.५५ वर. आणि मग आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ४५ अंश ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. रात्री दोनपर्यंत भिंती गरम. गच्चीवर पाणी मारून गादी टाकली तरी चांगल्या माणसाला झोप येत नाही. डॉक्टरांनी एप्रिल ते जून उतरण बंद ठेवली. “उकाड्याची झोपमोड आणि गोळीची झोपमोड वेगळी ओळखता येणार नाही,” म्हणाले. परदेशातल्या तक्त्यात उन्हाळ्याची अशी तीन महिन्यांची सुट्टी नसेल. खानदेशात ती पाहिजे. पुढच्या वर्षीही आम्ही तेच केलं, तेव्हा मी ०.२५ वर होतो.

२०२३ च्या श्रावणातली एक रात्र. अडीच वाजले होते, मी मेहरूण तलावाकडे निघालो होतो. चालायला नाही. बायको दारात उभी राहिली आणि तिने फोन लावून माझ्या हातात दिला. १४४१६, सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, फुकट. पलीकडून मराठीत एक बाई बोलल्या. पहिल्या दोन मिनिटांत त्यांनी मला सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतोय का. इतक्या सरळ मला तोवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मी हो म्हणालो. वीस-पंचवीस मिनिटं त्या बोलत राहिल्या. गोळीचा डोस वाढवा किंवा कमी करा असं काही सांगितलं नाही, बायकोला जवळ बसायला लावलं, सकाळी डॉक्टरांकडे जायचं वचन घेतलं. सकाळी गेलो. डॉक्टरांनी सहा आठवडे थांबवलं. या सेवेला तारे देण्याची माझी लायकी नाही. नंबर फोनमध्ये ठेवा, घरच्यांच्याही.

बाकी मदतीच्या गोष्टी थोडक्यात. दुपारी बारानंतर चहा बंद, हे मला सगळ्यात जड गेलं. संध्याकाळी मेहरूणला दोन फेऱ्या. रात्री हलकं, मुगाची खिचडी किंवा कळण्याची भाकरी आणि ताक. हिवाळ्यात मळ्यातल्या भरीत पार्ट्यांना जायचो, पण पेल्याला हात लावला नाही. दारू आणि ही गोळी एकत्र म्हणजे श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जाऊ शकतो. मित्रांना एकदा स्पष्ट सांगितलं, नंतर कुणी आग्रह केला नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्यसनोपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने या गोळ्या उतरवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. डॉक्टरांनी मला ती मोबाइलवर दाखवली. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर जायचं नाही. सुरुवातीला आमची कानस त्याच चालीने चालली होती; शेवटी शेवटी पावलं मिलिग्रॅममध्ये लहान झाली, टक्क्यांत मात्र मोठी होती. जुलै २०२४ नंतर दर तीन आठवड्यांनी ०.०२ च्या आसपास. तळाला तर माझा डोस काट्यावर नऊ मिलिग्रॅमचा एक कण होता, ओल्या बोटाने उचलायचा. त्या कणाने काही होत असेल असं डोळ्याला वाटत नाही. पण तो सोडताना मला पुन्हा दहा रात्री जागाव्या लागल्या.

२६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र. कण ठेवला नाही. पाट मांडला, काटा सुरू केला, नाणं ठेवलं, शून्य आलं, बंद केला. मार्चमध्ये परत झाळायला बसलो. आखाजीला माहेरवाशीण लेक आली, झोक्याची गाणी मध्यरात्रीपर्यंत चालली आणि मला त्या आवाजाने त्रास झाला नाही. झोप आजही सहा तासांचीच आहे, कधी साडेपाच. कानातली शिटी थकलो की येते.

तर डबीला पाचपैकी दोन तारे. अर्धी करण्यापुरती घ्या, दोन-अडीच महिन्यांनी बदला. काट्याला चार. एक तारा कापला तो रिकाम्या ताटलीवरच्या खोडीसाठी आणि झाकणाच्या बिजागरीसाठी, ती वर्षात तुटली, मी तांब्याच्या तारेने बांधली. घेताना ०.००१ ग्रॅम लिहिलेलं बघा, जुळवणीचं वजन सोबत येतं का ते विचारा, आणि आल्यावर पहिल्या आठवड्यात ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ते वजन पडताळून घ्या. माझं २० ग्रॅमचं २०.०० भरलं, शेजारच्या दुकानातल्या पोराने मागवलेलं १९.९४. ते वजन हाताने उचलू नका, घामाने फरक पडतो, आणि वेगळ्या छोट्या डबीत कापसात ठेवा.